वाचकांचे प्रश्न : होंडाची सीबी ७५०, कावासाकीची झेड-वन आणि त्यांचे भाऊबंद

मागील अंकात जुन्या जपानी मोटारसायकलींवरील लेख प्रसिद्ध झाल्यापासून या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे एकाच वळणाची आहेत : अमक्या कंपनीची गाडी सरस की तमक्या कंपनीची? प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर देणे शक्य नसल्याने सारखे प्रश्न एकत्र करून येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा असून नोकरीनिमित्त अनेक वर्षे बर्मिंगहॅमला राहतो. निवृत्तीपूर्वी एक जुनी मोटारसायकल घ्यायची इच्छा आहे. होंडा सीबी ७५० आणि कावासाकी झेड-वन या दोन गाड्या मनात भरल्या आहेत. कागदावर होंडाची ताकद ६७ अश्वशक्ती आणि कावासाकीची ८२. इतका फरक असताना येथील जाणकार दोघींची नावे एका दमात कशी घेतात? आणि मी कोणती घ्यावी?
– एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर : आधी कालक्रम लक्षात घ्यावा. या दोन गाड्यांमध्ये सुमारे चार वर्षांचे अंतर आहे आणि त्या काळात चार वर्षांत मोटारसायकलींची एक पिढी उलटत असे. सीबी ७५० ऑक्टोबर १९६८ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि १९६९ मध्ये विक्रीला आली. त्याच सुमारास ब्रिटनमधील ट्रायम्फ आणि बीएसए यांनीही तीन सिलिंडरांच्या ७५० सीसी वर्गातील गाड्या आणल्या होत्या. त्यांना जोर उत्तम होता, परंतु पुढच्या चाकाला ड्रम ब्रेक होता आणि इंजिन किक मारूनच सुरू करावे लागे. होंडाने एका ओळीत चार सिलिंडर, त्यांच्या माथ्यावर एक कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा), पाच गिअर, पुढच्या चाकाला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि बटण दाबताच सुरू होणारे इंजिन, असा सगळा ऐवज अमेरिकेत १,४९५ डॉलरांना देऊ केला. सुटी सुटी पाहिली तर यांतील कोणतीही गोष्ट जगात प्रथमच अवतरलेली नव्हती. मात्र हे सारे एकाच गाडीत, सामान्य गिऱ्हाइकाला झेपेल अशा भावात आणि रोजच्या वापराला पुरेल इतक्या भरवशाने त्यापूर्वी कोणी दिले नव्हते. एवढी मागणी येईल असा अंदाज खुद्द होंडालाही नव्हता. इंजिनाचे क्रँककेस, म्हणजे तळाचे कवच, ओतण्यासाठी कंपनीने सुरुवातीला मोठ्या उत्पादनाचे महागडे साचे न करता कमी संख्येला परवडणारी पद्धत वापरली, आणि त्या पहिल्या सुमारे ७,४०० गाड्यांना आज ‘सँडकास्ट’ (वाळूत ओतलेली) या नावाखाली वेगळाच भाव येतो. नाव वाळूचे असले तरी ती ओतकामे वाळूच्या साच्यातली नव्हेत, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता आपण विचारलेल्या आकड्यांकडे येऊ. झेड-वन १९७२ मध्ये आली तेव्हा तिचे इंजिन ९०३ सीसीचे होते आणि होंडाचे ७३६ सीसीचे. प्रत्येक गाडीच्या अश्वशक्तीला तिच्या सीसीने भागून पाहा : दोन्हींचे उत्तर हजार सीसीमागे ९१ अश्वशक्तीच्या आसपास येते. म्हणजे एका कॅमशाफ्टच्या जागी दोन बसवूनही कावासाकीने दर सीसीमागे होंडाहून अधिक ताकद काढलेली नाही; वरच्या पंधरा अश्वशक्ती आल्या आहेत त्या १६७ सीसी जास्त घेतल्यामुळे. बरोबरीची तुलना खुद्द जपानमध्येच पाहायला मिळते. ७५० सीसीहून मोठी गाडी देशात विकायची नाही, असे तेथील कंपन्यांनी आपण होऊन ठरवून घेतले होते. त्यामुळे कावासाकीला घरच्या बाजारासाठी १९७३ मध्ये ७४६ सीसीची धाकटी बहीण काढावी लागली. तिला सगळे झेड-टू म्हणतात आणि तिची ताकद होती ६९ अश्वशक्ती. सीबी ७५० हून अवघी दोन जास्त!

मग दोन कॅमशाफ्टांचा खटाटोप कशासाठी, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर पुढच्या काळाने दिले. कावासाकीने हे इंजिन हातचे बरेच राखून बांधले होते. तिचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा, तुकडे दाबून जोडलेला आणि रोलर बेअरिंगांवर फिरणारा, त्यावरून क्लचकडे जाणारी ताकद थेट गिअरने जाणारी, आणि पिस्टनचा व्यास व धाव दोन्ही ६६ मिलिमीटर. शर्यतवाल्यांनी हे सिलिंडर मोठे केले, कॅमशाफ्ट बदलले, कॉम्प्रेशन वाढवले. खालची बाजू मुकाट्याने सोसत राहिली. होंडाचा क्रँकशाफ्ट एकसंध घडवलेला आणि साध्या बेअरिंगांवर फिरणारा आहे. ही रचना शांत चालते आणि फार टिकते, पण तिला दाबाखालच्या स्वच्छ तेलाचा अखंड पुरवठा लागतो. तेलाची हयगय झाली की ती माफ करत नाही. हिदेओ योशिमुरा या जपानी कारागिराने आधी होंडाची आणि मग कावासाकीची इंजिने शर्यतींसाठी तयार करून नाव कमावले. त्यांच्या हातून गेलेल्या गाड्यांचा इतिहास म्हणजे या दोन इंजिनांची सर्वांत प्रामाणिक तुलना आहे, असे मी मानतो.

घरी गाडी खोलणाऱ्याच्या दृष्टीने मात्र पारडे एकदा इकडे आणि एकदा तिकडे झुकते. होंडाचे टॅपेट, म्हणजे झडपांचे अंतर ठेवणारे भाग, स्क्रू आणि नटाचे आहेत. फीलर गेज, एक पाना आणि तासभर वेळ असला की काम होते. कावासाकीच्या टॅपेटवर पातळ चकतीसारखे शिम असतात. अंतर बिघडले की वेगळ्या जाडीचा शिम घालावा लागतो, आणि तो काढण्यासाठी टॅपेट खाली दाबून धरणारे खास हत्यार लागते. एवढ्यावरून होंडा सोपी असे म्हणावे, तर तिचे हेड उघडायची वेळ आली की सगळे फिरते. हेडवरचे झाकण चासीच्या नळ्यांना अडते, त्यामुळे हेडच्या गॅसकेटमधून तेल पाझरू लागले तरी ऐंशी किलोच्या आसपासचे ते इंजिन चासीतून बाहेर काढावे लागते. एकट्याने हा उद्योग करू नये. मी एकदा केला आहे आणि त्याची खूण पायाच्या अंगठ्यावर अजून आहे. कावासाकीचे हेड मात्र इंजिन जागेवर असतानाच निघते.

चालवण्याच्या बाबतीत सांगायचे तर होंडा सौम्य आहे. तेल-पेट्रोलविना तिचे वजन सुमारे २१८ किलो आणि झेड-वनचे सुमारे २३०. दोन्ही जड आहेत, पण कावासाकीचे इंजिन तिच्या चासीला वरचढ ठरते. वेग फार वाढला की लांब वळणावर मागची बाजू हलू लागते, आणि मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मची बुशे झिजलेली असतील तर हे हलणे अंगावर काटा आणणारे असते. होंडाला तो प्रसंग येतच नाही असे नव्हे, पण तेथवर न्यायला तिचे इंजिन पुरत नाही.

तेव्हा आपला हेतू पाहा. दर रविवारी गाडी काढायची, दोनशे किलोमीटर हिंडून यायचे आणि पुष्कळशी कामे स्वतः करायची असतील, तर सीबी ७५० घ्यावी. त्यातही सँडकास्टच्या नादी न लागता १९७१ नंतरची एखादी नीटस गाडी पाहावी. एक कॅमशाफ्टची ही गाडी चार लाखांहून अधिक संख्येने बनली, त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि भावही आवाक्यात राहतो. झेड-वन घ्यावी ती त्या इंजिनाच्या ओढीने, आणि मग खर्चाचा हिशेब मांडत बसू नये. आपल्या पत्राच्या शेवटच्या पानावर रंगाचे वर्णन केवळ झेड-वनचेच आहे, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही.

पाहायला जाल तेव्हा होंडाच्या पुढच्या स्प्रॉकेटच्या मागे हात घालून क्रँककेस चाचपून पाहा. सुरुवातीच्या गाड्यांची चेन तुटून तेथे गुंडाळली जाई आणि केस फुटे. वेल्डिंगचा खडबडीत सांधा बोटाला लगेच कळतो. चारही सायलेन्सर मूळचे आहेत का ते विचारा, कारण ते आतून गंजतात आणि मूळ संच घ्यायला गेलात तर इंजिनाचे काम स्वस्त वाटेल. इंजिनाचा आणि चासीचा क्रमांक जुळत नाही म्हणून मात्र घाबरू नका. या दोन्ही गाड्यांचे क्रमांक कारखान्यातूनच वेगवेगळे असत. आपल्याकडे ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरफार न केलेल्या गाडीला रस्ताकर आणि वार्षिक तपासणी दोन्हींतून सूट आहे, हे आपल्याला ठाऊक असेलच. तरीही तपासणी स्वखुशीने करून घ्यावी.

प्रश्न : होंडाची गाडी गाजली म्हणून कावासाकीने तिची नक्कल करून झेड-वन काढली, असे माझा मित्र ठामपणे सांगतो. हे खरे आहे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या मित्राला अर्धी गोष्ट कोणीतरी चुकीच्या टोकाकडून सांगितलेली दिसते. कावासाकीमध्ये चार सिलिंडरांच्या फोर-स्ट्रोक (पिस्टनच्या चार धावांत एकदा ताकद देणाऱ्या) गाडीवर काम १९६८ पूर्वीच सुरू झालेले होते आणि ती गाडी ७५० सीसीचीच होणार होती. टोकियोच्या प्रदर्शनात होंडाचा पडदा उघडला आणि कावासाकीच्या अभियंत्यांना आपली कल्पना दुसऱ्याच्या मंडपात उभी दिसली. त्यांनी काम थांबवले, पण मोडीत काढले नाही. दुसऱ्या क्रमांकाने तीच गाडी आणण्यापेक्षा काही वर्षे उशीर पत्करून मोठी गाडी आणावी, असे ठरले. या कामाला कंपनीत ‘न्यूयॉर्क स्टेक’ असे सांकेतिक नाव होते. इंजिनाची बाजू ग्योइची इनामुरा यांच्याकडे होती आणि रूप नोरिमासा तादा यांनी दिले. निमुळती टाकी, मागे बदकाच्या शेपटीसारखे उचललेले टोक, पहिल्या वर्षीचे काळे रंगवलेले इंजिन आणि तपकिरी टाकीवरचा नारिंगी पट्टा, हे सारे आज इतके ओळखीचे झाले आहे की ते कधीतरी नवे होते याचा विसर पडतो.

मधल्या काळात कावासाकी हात बांधून बसलेली नव्हती. १९६९ मध्येच तिने ५०० सीसीची तीन सिलिंडरांची टू-स्ट्रोक (दर दोन धावांत एकदा ताकद देणारी) गाडी, एच-वन, अमेरिकेत हजार डॉलरांच्या आत आणली. ताकद ६० अश्वशक्ती आणि वजन सुमारे १७४ किलो. म्हणजे एका अश्वशक्तीच्या वाट्याला तीन किलोही येत नव्हते. ब्रेक आणि चासी मात्र त्या ताकदीच्या मानाने फारच बेताची होती. इंग्रजीत तिला विधवा करणारी म्हणत, आणि त्यात अतिशयोक्तीचा भाग असला तरी तो फार मोठा नव्हता.

शर्यतीच्या मैदानावरही दोघांचे बोलणे वेगळ्या भाषेत झाले. अमेरिकेतील डेटोना येथील २०० मैलांची शर्यत १९७० मध्ये डिक मान यांनी होंडाच्या चार सिलिंडरांच्या गाडीवर जिंकली. होंडाच्या ताफ्यातील शर्यत पुरी करणारी ती एकटीच गाडी होती. कावासाकीने १९७३ मध्ये त्याच डेटोनाला झेड-वन चोवीस तास अखंड पळवली आणि ताशी १०९.६४ मैलांची, म्हणजे सुमारे १७६ किलोमीटरची, सरासरी राखली. टायर बदलायला आणि पेट्रोल भरायला थांबलेला वेळ त्यात धरून.

प्रश्न : होंडा आणि कावासाकी चार सिलिंडरांमागे धावत असताना सुझुकी आणि यामाहा टू-स्ट्रोकलाच का चिकटून राहिल्या? त्यांना फोर-स्ट्रोक जमत नव्हते का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : जमत नव्हते म्हणण्यापेक्षा, जे उत्तम जमत होते ते सोडवत नव्हते. या दोन्ही कंपन्यांनी जागतिक शर्यतींमध्ये मान मिळवला तो टू-स्ट्रोकच्या बळावर. १९६१ मध्ये पूर्व जर्मनीतील एमझेड कंपनीचा स्वार एर्न्स्ट डेग्नर हंगामाच्या अखेरीस पश्चिमेकडे पळून गेला आणि टू-स्ट्रोक इंजिनातून ताकद काढण्याची तेथील विद्या घेऊन सुझुकीकडे आला. पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसी गटाचे जगज्जेतेपद पटकावले, आणि स्वार होता डेग्नरच. यामाहाने १९६४ मध्ये फिल रीड याच्या हातून २५० सीसी गटातील जेतेपद टू-स्ट्रोकवर मिळवले. ज्या विद्येने नाव दिले, तीच दुकानात मांडावी असे त्यांना वाटले तर नवल नाही.

सुझुकीने सीबी ७५० ला उत्तर म्हणून १९७१ मध्ये जीटी ७५० काढली. तीन सिलिंडर, ७३८ सीसी, ताकद होंडाइतकीच ६७ अश्वशक्ती, आणि इंजिन थंड ठेवायला चक्क मोटारीसारखा पाण्याचा रेडिएटर. ब्रिटनमध्ये तिला ‘केटल’ म्हणत आणि अमेरिकेत ‘वॉटर बफेलो’, अर्थात पाण्यातली म्हैस. दोन्ही नावे प्रेमाची आहेत. लांबच्या प्रवासाला ती फार सुखाची, पण टू-स्ट्रोकचा मुख्य गुण म्हणजे हलकेपणा, आणि तोच तिने रेडिएटर, नळ्या व पाण्याच्या ओझ्याखाली घालवला. नाकापेक्षा मोती जड, असे तिच्याविषयी मला नेहमी वाटत आले आहे.

यामाहाचे दुखणे निराळे होते. तिच्याकडे १९७० पासून एक्सएस ६५० ही उभ्या दोन सिलिंडरांची चांगली फोर-स्ट्रोक गाडी होती, आणि ती दीर्घकाळ विकलीही गेली. परंतु १९७२ च्या टीएक्स ७५० मध्ये थरथर घालवण्यासाठी जी फिरती वजने इंजिनाच्या तळाशी बसवली, ती जास्त वेगाला तेल घुसळून त्याचा फेस करू लागली. फेस झालेले तेल पंपाला ओढता येत नाही आणि बेअरिंग कोरडी पडतात. ताक घुसळताना रवी नको तितकी खोल गेली की जे होते, तेच. कंपनीने तेलाचे पात्र खोल केले, ऑइल कूलर जोडला. पण तोवर गाडीचे नाव खराब झाले होते आणि दोनच वर्षांत ती बंद करावी लागली.

१९७३ च्या तेलटंचाईने पेट्रोल महागले, अमेरिकेत १९७८ च्या गाड्यांपासून धुराचे नियम लागू होणार हे स्पष्ट झाले, आणि मोठ्या टू-स्ट्रोकचे दिवस भरले. सुझुकीने १९७६ मध्ये जीएस ७५० आणली : चार सिलिंडर, दोन कॅमशाफ्ट, रोलर बेअरिंगांवरचा क्रँकशाफ्ट. रचना झेड-वनच्या वाटेनेच जाणारी होती, परंतु चासी त्या चौघांच्या मोठ्या गाड्यांमध्ये पहिल्यांदाच इंजिनाच्या तोलाची होती. नक्कल हा शब्द वापरायचाच असेल तर आधीच्या प्रश्नातील नागपूरच्या मित्राने तो येथे वापरून पाहावा.

प्रश्न : माझ्या काकांनी १९८५ मध्ये घेतलेली राजदूत ३५० आता माझ्याकडे आली आहे. काका म्हणतात की ही म्हणजे जपानची यामाहा आरडी ३५० च, फक्त नाव वेगळे. आमच्या मेकॅनिकने ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळण्याचा सल्ला दिला आहे. तसे करावे का? शिवाय गाडीची नोंदणी ‘व्हिंटेज’ म्हणून करता येईल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या काकांचे म्हणणे इंजिनाच्या सांगाड्यापुरते खरे आहे. एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ पासून जी राजदूत ३५० बनवली, तिचे ३४७ सीसीचे दोन सिलिंडरांचे इंजिन, सहा गिअर आणि रीड व्हॉल्व्ह हे सारे यामाहाच्याच आरडी ३५० चे. फरक आहे तो ताकदीत आणि ब्रेकमध्ये. जपानी गाडी ३९ अश्वशक्तीची होती. येथे पेट्रोल पुरवून पुरवून वापरणाऱ्या गिऱ्हाइकासाठी ती आधी ३०.५ वर आणि नंतरच्या ‘लो टॉर्क’ प्रकारात २७ वर उतरवण्यात आली. त्याहून मोठा फरक पुढच्या चाकात आहे. जपानी आरडीच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता, आपल्या राजदूतला सात इंची ड्रम आहे. उतरवलेली ताकदसुद्धा त्या काळच्या आपल्या रस्त्यांवर दुसऱ्या कोणत्या गाडीकडे नव्हती, आणि ती आवरायला दिलेला ब्रेक मात्र चारचौघींसारखा होता. त्यामुळे लायनर, केबल आणि ब्रेकची कॅम यांवर खर्च करताना हात आखडू नये.

ऑइल पंपाविषयी मात्र स्पष्टच सांगतो : काढू नये. या गाडीचा पंप इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो आणि त्याच वेळी ॲक्सिलरेटरच्या केबलशीही जोडलेला असतो. फेरे आणि ताण या दोन्हींच्या हिशेबाने तो तेल देतो. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल पेट्रोलबरोबरच आत जाते, आणि खोट नेमकी तेथेच आहे. गगनबावड्याहून करूळ घाटाने खाली उतरताना आपण ॲक्सिलरेटर बंद करून गाडी दुसऱ्या गिअरवर सोडता, तेव्हा इंजिनाचे फेरे चढलेले असतात, पेट्रोल मात्र जवळजवळ बंद असते. म्हणजे तेलही बंद. पंप असेल तर तो फिरत्या इंजिनाबरोबर थोडे का होईना तेल देत राहतो.

अशीच एक राजदूत माझ्याकडे घाटातून टेम्पोत घालून आली होती. पंपाच्या जागी पत्र्याची चकती ठोकून बसवलेली. डावा सिलिंडर वर उचलला, तर पिस्टनच्या सायलेन्सरकडच्या अंगावर वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे होते, आणि ॲल्युमिनियम वितळून रिंगच्या खाचेत इतके बसले होते की रिंग नखाने हलेना. मालकाचे म्हणणे, मिश्रणात तेल नेहमी थोडे जास्तच घालत होतो. त्यावर माझ्याकडे उत्तर होते, पण सिलिंडरचा झालेला खर्च पाहून ते मी गिळून टाकले.

आपल्या मेकॅनिकची भीती सर्वस्वी निराधार नाही, हेही मान्य करायला हवे. जुन्या पंपाचे सील कडक होतात आणि नळीत हवा अडकते. पंप असूनही तेल न पोहोचणे हे पंप नसण्याहून वाईट. म्हणून सील बदलून घ्यावेत, नळीतील हवा काढावी, पंपाच्या पुलीवरील खूण केबलच्या योग्य ताणाला जुळते का ते माहितगाराकडून पाहून घ्यावे, आणि पहिल्या टाकीपुरते खबरदारी म्हणून पेट्रोलमध्येही थोडे तेल घालावे. धूर होईल. होऊ द्यावा.

नोंदणीविषयी : केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पुरी झालेल्या आणि मूळ रूपात मोठा बदल न केलेल्या गाडीलाच व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. आपली गाडी त्या वयाला २०३५ मध्ये पोहोचेल. तोवर आरसी बुकाचे दर पाच वर्षांनी होणारे नूतनीकरण चुकवू नये, आणि गाडी काकांच्या नावावरून आपल्या नावावर करून घेण्याचे काम काकांच्या हयातीतच उरकावे.

प्रश्न : चार कार्बोरेटर ‘जुळवणे’ म्हणजे नेमके काय करतात? मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे, पण हे कोठे पाहायला मिळाले नाही.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : एका बैलगाडीला चार बैल जुंपले आहेत असे समजा. चौघेही चालत आहेत, पण एक जण पाऊल पुढे टाकतो आहे आणि एक मागे रेंगाळतो आहे. गाडी चालते खरी, पण धक्के बसतात आणि पुढच्या बैलाच्या खांद्याला घट्टा पडतो. चार कार्बोरेटरांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला हवा देणारी झडप स्वतंत्र असते. त्या चारही झडपा सारख्याच उघडल्या पाहिजेत, आणि हा फरक डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक असतो.

म्हणून हवेच्या वाटेवर असलेल्या छोट्या भोकांना नळ्या जोडून त्यांच्या टोकांना चार व्हॅक्यूम गेज लावतात. इंजिन गरम करून हजार फेऱ्यांच्या आसपास सोडले की चारही काटे थरथरू लागतात. ज्याचा काटा वेगळा दिसेल त्याचा स्क्रू किंचित फिरवायचा, ॲक्सिलरेटरला एक झटका द्यायचा, काटे स्थिरावू द्यायचे आणि पुन्हा पाहायचे. चौथा जुळवला की पहिला हलतो. हे गृहीत धरूनच सुरुवात करावी. चारही काटे एका रेषेत आले की इंजिनाचा आवाज बदलतो. आधी जो खडखडाट क्लचचा वाटत होता तो नाहीसा होतो, आणि गाडी अंगाखाली एकदम गप्प होते. सीबी ७५० च्या पहिल्या गाड्यांमध्ये एका केबलच्या चार केबली होऊन त्या चारही कार्बोरेटरांना जात. त्या सारख्या ताणात ठेवणे जिकिरीचे असल्याने होंडाने लवकरच चारही झडपा एका दांडीला जोडल्या.

हे काम नेहमी शेवटी करावे. टॅपेटचे अंतर आणि ठिणगीच्या पॉइंटचे टायमिंग आधी नीट नसेल तर गेजचे काटे खोटे बोलतात. एखादा सिलिंडर मुळातच चालत नसल्याचा संशय असेल तर त्याला गेजही लागत नाही : थंड इंजिन सुरू करून अर्ध्या मिनिटाने चारही सायलेन्सरच्या नळ्यांवर, अगदी हेडजवळ, बोटाने पाण्याचा थेंब टाकावा. तीन ठिकाणी चुर्र होईल. जेथे थेंब नुसता ओघळून जाईल, तेथला प्लग बाहेर काढून पाहावा.

प्रश्न : भारतात १९८४ ते १९८६ दरम्यान चारही जपानी कंपन्यांच्या १०० सीसी गाड्या आल्या. त्यांत सर्वांत चांगली कोणती?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : इंड-सुझुकी, यामाहा आरएक्स १००, कावासाकी बजाज केबी १०० आणि हिरो होंडा सीडी १०० या त्या चार. पहिल्या तीन टू-स्ट्रोक आणि चौथी एकटी फोर-स्ट्रोक. पिकअप हवे असेल तर आरएक्स १००, तिच्या ११ अश्वशक्ती आणि जेमतेम १०३ किलो वजन यांपुढे बाकीच्या तिघी नाहीत. परंतु जी गाडी हजारो लोकांनी दूध घालायला, शाळेत शिकवायला आणि तालुक्याला जाऊन यायला वापरली आणि जिच्या ॲव्हरेजने पुढे साऱ्या भारतीय बाजाराला फोर-स्ट्रोककडे वळवले, ती सीडी १००. केबी १०० आपल्या बजाजची असूनही तिच्याविषयी पत्र पाठवणारा एकही वाचक या वेळी निघाला नाही, याची मात्र नोंद करावीशी वाटते.

प्रश्न : पुढील वर्षी जपानला जाण्याचा योग आहे. या जुन्या गाड्या तेथे कोठे पाहता येतील?
– एक वाचक, पुणे

उत्तर : होंडाचा संग्रह टोकियोच्या उत्तरेला तोचिगी प्रांतात मोतेगी येथील शर्यतीच्या मैदानालगत आहे, तेथे रेल्वेने पोहोचणे कटकटीचे असल्याने त्यासाठी अख्खा दिवस राखून ठेवावा. कावासाकीचा विभाग कोबे येथील सागरी संग्रहालयाच्या इमारतीत आहे, कारण कंपनी मुळात जहाजे बांधणारी. यामाहाचे संग्रहालय इवाता येथे आणि सुझुकीचे हामामात्सु येथे. ही दोन्ही गावे शेजारशेजारची असून होंडाची सुरुवातही हामामात्सुलाच झाली, तेव्हा चारांपैकी तीन घराण्यांचा मुलूख आपल्याला एका मुक्कामात पाहता येईल. सुझुकीकडे जाण्यासाठी आगाऊ नोंदणी करावी लागते, ती निघण्यापूर्वी येथूनच करून ठेवावी.